जुन्या कोडमधली कॉपी-पेस्ट आणि स्टाईलचा गोंधळ कसा निस्तरायचा (नवीन लोकांसाठी)

लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं टूल, पहिल्यांदा चालवला की स्क्रीनवर वॉर्निंगचा लोंढा येतो, हजार, दोन हजार, कितीही, आणि नवीन माणूस तिथेच टर्मिनल बंद करून म्हणतो नंतर बघू. ते नंतर काही येत नाही. तर जुना कोडबेस हातात आलाय, एकच लॉजिक चार ठिकाणी चिकटवलंय, कुठे टॅब कुठे स्पेस, अर्धी व्हेरिएबल्स कॅमलकेसमध्ये अर्धी स्नेककेसमध्ये, अशा वेळी हात कुठून घालायचा आणि थांबायचं कुठे, ते इथे सांगतोय. लँग्वेज कुठलीही असली तरी चालेल, उदाहरणं पायथन आणि जावास्क्रिप्टची जास्त येतील कारण शिकणारे बहुतेक तिथेच असतात.

क्रम असा ठेवा: आधी फॉरमॅटिंग, मग लिंट, आणि डुप्लिकेट सगळ्यात शेवटी. बरेच जण थेट डुप्लिकेट काढायला धावतात कारण त्यात मजा आहे, पण फॉरमॅट सारखं नसेल तर दोन कॉप्या शेजारी ठेवून डिफ काढला की प्रत्येक ओळ लाल-हिरवी दिसते आणि खरा फरक त्यात बुडून जातो. डुप्लिकेट शोधणाऱ्या बहुतेक टूल्सना याने फरक पडत नाही, ती टोकनवर चालतात, म्हणजे नाव, कंस, ऑपरेटर असे तुकडे बघतात, स्पेस बघत नाहीत. पण डिफ वाचणारे तुम्हीच आहात ना.

सुरुवात करायच्या आधी

टेस्ट आहेत का बघा आणि आत्ता, काहीही न बदलता, त्या पास होतात का बघा. आधीच फेल होणाऱ्या टेस्ट असतील तर त्यांची यादी करून ठेवा, नाहीतर नंतर कळणारच नाही की हे तुमच्यामुळे मोडलं की आधीपासूनच मोडलेलं होतं. टेस्ट अजिबात नसतील तरी फॉरमॅटिंगचं काम करता येतं, लिंटचं थोडं करता येतं, पण कॉप्या एकत्र करायला मात्र टेस्टशिवाय हात लावू नका.

आणि टीमला सांगा. हे लोक विसरतात. कुणाचे मोठे पुल रिक्वेस्ट उघडे पडलेले असताना तुम्ही सगळा प्रोजेक्ट री-फॉरमॅट केला तर त्यांच्या वाट्याला मर्ज कॉन्फ्लिक्टचा डोंगर येतो आणि तुमच्या चांगल्या कामाला शिव्या पडतात. उघडे पीआर मर्ज होऊ द्या, मग एका शांत वेळी करा.

फॉरमॅटिंग: इथे वाद घालू नका

ओळ किती लांब असावी? पायथनची अधिकृत स्टाईल गाईड पेप ८ म्हणते ७९ अक्षरं, ब्लॅक हा फॉरमॅटर डिफॉल्टला ८८ घेतो, प्रिटियर ८० धरतो. गो लँग्वेजच्या गोएफएमटीने तर प्रश्नच संपवला, इंडेंटला टॅब, आणि स्टाईल बदलायचा ऑप्शनच नाही. यातलं कुठलं बरोबर यावर मीटिंग घ्यायची गरज नाही, त्या लँग्वेजमध्ये जो फॉरमॅटर जास्त चालतो तो घ्या, डिफॉल्ट सेटिंग ठेवा, विषय संपला. पायथनला ब्लॅक किंवा रफ, जावास्क्रिप्टला प्रिटियर, सी-सी प्लस प्लसला क्लँग-फॉरमॅट.

फॉरमॅटर चालवायच्या आधी दोन छोट्या फाईल टाका. एक एडिटरकॉन्फिगची, म्हणजे कुणी कुठलाही एडिटर वापरला तरी इंडेंट आणि एन्कोडिंग सारखं राहतं. दुसरी गिट ॲट्रिब्यूट्सची, त्यात लाईन एंडिंग ठरवून टाका, कारण विंडोजवाल्याच्या मशीनवरून फाईल सेव्ह झाली की कधीकधी एक अक्षर न बदलता अख्खी फाईल बदललेली दिसते, आणि नवीन माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो की मी केलं काय.

मग फॉरमॅटर सगळ्या प्रोजेक्टवर एकदाच चालवा आणि त्याचा वेगळा कमिट करा. त्या कमिटमध्ये दुसरं काहीही नको, एक टायपोसुद्धा सुधारायचा नाही. रिव्ह्यू करणाऱ्याने चार हजार ओळींच्या डिफमध्ये तुमचा एक लॉजिकचा बदल शोधत बसावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही, तो सरळ अप्रूव्ह करून मोकळा होणार.

"पण मग गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) सगळ्या ओळींवर माझंच नाव येईल" अशी तक्रार हमखास येते. त्यावर उपाय आहे. गिट २.२३ पासून (२०१९) ब्लेमला ठराविक कमिट वगळायला सांगता येतं, त्या फॉरमॅटिंगच्या कमिटचा हॅश एका फाईलमध्ये लिहायचा आणि ब्लेम डॉट इग्नोअर-रेव्ह्ज-फाईल या सेटिंगमध्ये त्या फाईलचं नाव द्यायचं, झालं.

फॉरमॅटरने प्रोग्रामचं वागणं बदलत नाही असं धरून चालतात आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं, ब्लॅक तर स्वतःच आधीचा आणि नंतरचा सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडची रचना, जुळवून बघतो. पण एक अपवाद लक्षात ठेवा, इम्पोर्ट किंवा इन्क्लूडचा क्रम लावणारी सेटिंग. क्लँग-फॉरमॅट सी प्लस प्लसच्या हेडरचा क्रम बदलू शकतो आणि एखादा हेडर दुसऱ्याच्या आधीच यायला हवा असेल तर बिल्ड मोडतो. पायथनमध्येही इम्पोर्ट होतानाच काही काम करणारं मॉड्यूल असेल तर क्रम बदलल्यावर गंमत होते. म्हणून सॉर्टिंगचा कमिट वेगळा.

लिंट: सगळ्या वॉर्निंग सारख्या नसतात

लिंट नावाचा मूळ प्रोग्राम स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्समध्ये १९७८ साली सी लँग्वेजसाठी लिहिला, म्हणजे हे दुखणं जुनंच आहे. आजचे लिंटर शेकडो नियम घेऊन येतात आणि सगळे एकदम चालू केले की तोच सुरुवातीचा लोंढा. म्हणून आधी वॉर्निंग नियमानुसार मोजा, कुठल्या नियमाच्या किती. बहुतेक वेळा दिसेल की निम्म्याहून जास्त गर्दी दोन-चार नियमांचीच आहे आणि ते नियम दिसण्याबद्दलचे आहेत, जे फॉरमॅटरने आधीच सांभाळलेत. ते बंद करा. ईएसलिंटने स्वतःच २०२३ मध्ये आपले फॉरमॅटिंगचे नियम डेप्रिकेट केले, कारण ते काम लिंटरचं नाहीच.

राहिलेल्या वॉर्निंगमध्ये आधी त्या घ्या ज्यांच्यामागे बग असू शकतो. न वापरलेलं व्हेरिएबल हे त्यातलं सगळ्यात कमी लेखलं जाणारं. लोक ते दिसलं की डिलीट करून पुढे जातात. थांबा ना. कुणीतरी ते व्हेरिएबल काहीतरी कारणाने बनवलं होतं, मग वापरलं का नाही? खूपदा असं निघतं की डिस्काउंट वजा करून नवीन एकूण काढलंय आणि रिटर्न मात्र जुनंच एकूण केलंय. ती ओळ डिलीट केली तर वॉर्निंग जाते आणि बग कायमचा लपतो. तसंच पायथनमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देणं, ती लिस्ट एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच मिळते, आधीचा कचरा आत ठेवून. नुसता एक्सेप्ट लिहून सगळे एरर गिळणं. जावास्क्रिप्टमध्ये अवेट विसरणं, तिथे एरर कुठे गेला तेच कळत नाही.

स्टाईलला "नुसतं दिसण्याचं" म्हणणाऱ्यांनी ॲपलचा २०१४ चा गोटू फेल बग बघावा. एसएसएलच्या कोडमध्ये एका इफच्या खाली "गोटू फेल" ही ओळ दोनदा आली होती. इफला कर्ली ब्रॅकेट नव्हते, त्यामुळे पहिली ओळ इफच्या आत आणि दुसरी बाहेर, म्हणजे दरवेळी चालणारी, पण इंडेंट दोन्हीचं सारखं असल्यामुळे वाचताना दोन्ही आतच वाटायच्या. सही तपासायची पुढची पायरी चालायचीच नाही आणि फंक्शन सगळं ठीक आहे असं सांगून परत यायचं. एक डुप्लिकेट ओळ, एक ब्रॅकेटची सवय, आणि सुरक्षित कनेक्शनचा भरवसा गेला, त्या फेब्रुवारीत आयओएस ७.०.६ काढून ते दुरुस्त करावं लागलं. जीसीसीने पुढे सहाव्या व्हर्जनमध्ये (२०१६) फसव्या इंडेंटची वॉर्निंगच आणली.

ऑटो-फिक्स वापरा, जरूर वापरा, पण एका वेळी एक नियम आणि एक कमिट. रफमध्ये फिक्सचे सेफ आणि अनसेफ असे दोन प्रकार असतात, अनसेफवाले डिफॉल्टला बंद असतात आणि ते बंदच राहू द्या. हाताने करताना एक सापळा: जावास्क्रिप्टमध्ये डबल इक्वल दिसला की ट्रिपल करायचा असं सगळे शिकवतात, पण "एक्स डबल इक्वल नल" हे लिहिणाऱ्याने बहुधा मुद्दाम लिहिलेलं असतं कारण त्यात अनडिफाईन्डही पकडलं जातं. ट्रिपल केलं की अनडिफाईन्ड निसटतं.

एखादी वॉर्निंग खरंच लागू नसेल तर ती ओळीपुरती बंद करा आणि का ते तिथेच लिहा. पायथनमध्ये नुसतं नोक्यूए लिहिलं तर त्या ओळीवरचे सगळेच नियम गप्प होतात, म्हणून नियमाचा कोडही लिहा. ईएसलिंटमध्ये डिसेबलच्या कमेंटमध्ये दोन डॅश देऊन पुढे कारण लिहिता येतं.

हजारभर वॉर्निंग उरल्याच तर? सगळ्या संपवायची गरज नाही. आत्ताचा आकडा बेसलाईन म्हणून गोठवा, नवीन कोडमध्ये एकही वाढू देऊ नका, आणि जी फाईल कामासाठी उघडाल तिच्यातल्या तेवढ्या साफ करा.

डुप्लिकेट शोधायचे कसे

कॉप्या साधारण चार प्रकारच्या धरतात. पहिला जशाच्या तशा, फार तर स्पेस आणि कमेंट वेगळ्या. दुसरा नावं किंवा आकडे बदललेल्या. तिसरा मध्ये एखादी ओळ घातलेली किंवा काढलेली. चौथा म्हणजे काम तेच पण कोड पूर्ण वेगळा. टूल्स पहिले दोन छान पकडतात, तिसऱ्यात अडखळतात, चौथ्यात जवळजवळ आंधळी असतात. आणि एआय असिस्टंटकडून कोड लिहून घेतला की हा तिसरा-चौथा प्रकारच जास्त वाढतो असं माझं मत आहे, कारण तो तुमचं आधीचं फंक्शन न शोधता तेच काम नव्या नावाने परत लिहून देतो.

टूल कुठलं? पीएमडीसोबत येणारं सीपीडी जावा आणि इतर बऱ्याच लँग्वेजना चालतं. जेएससीपीडीला नावात जेएस असलं तरी दीडशेहून जास्त फॉरमॅट कळतात आणि ते इन्स्टॉल करायला सोपं. पायलिंटमध्ये डुप्लिकेट-कोडचा चेक आधीच आहे पण तो डिफॉल्टला चार सारख्या ओळींवरच ओरडतो, ते वाढवून घ्या. टीमकडे सोनारक्यूब असेल तर तिथे आकडा आधीच दिसत असेल.

पहिल्या रनमध्ये वगळायच्या गोष्टी आधी वगळा: जनरेट झालेला कोड, डेटाबेस मायग्रेशन, बाहेरून आणलेल्या लायब्ररी. नाहीतर रिपोर्टची पहिली पाच पानं त्यातच जातात. मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती टोकन सारखे असले की कॉपी धरायची. जेएससीपीडी डिफॉल्टला ५० टोकन धरतं, सोनारक्यूब जावा सोडून बाकी बहुतेक लँग्वेजसाठी १०० टोकन आणि किमान १० ओळी. सुरुवातीला १०० ठेवा, मोठे मासे आधी दिसू देत, ते संपले की ७०-५० पर्यंत खाली या. सीपीडीत नावं आणि लिटरल्स दुर्लक्षित करायचा ऑप्शन आहे (सगळ्या लँग्वेजना नाही), तो लावून दुसरा रन घेतला की दुसऱ्या प्रकारच्या कॉप्याही वर येतात, अर्थात खोट्या अलार्मसकट.

टूलला न दिसणाऱ्या कॉप्यांसाठी माझी आवडती पद्धत एकदम साधी आहे, गिट ग्रेपने एरर मेसेज शोधायचे. माणूस कोड कॉपी करून नावं बदलतो, लूपची रचना बदलतो, पण "चुकीचा ईमेल आयडी" हे वाक्य तसंच राहतं. रेगेक्स, तारखेचा फॉरमॅट, विचित्र आकडे जसे ८६४००, हेही तसेच शोधा. कुणी ८६४०० लिहिलंय म्हणजे तिथे दिवसाचे सेकंद मोजलेत आणि कदाचित अजून सहा ठिकाणी मोजलेत.

दुसरी खूण गिटच्या इतिहासात. दोन फाईल सतत एकाच कमिटमध्ये बदलत असतील आणि बदलही सारखाच असेल, तर तिथे कॉपी आहे आणि ती आत्ताच त्रास देतेय. अशा जागा यादीत वर घ्या. तीन वर्षांत कुणी हात न लावलेली दोनशे ओळींची कॉपी रिपोर्टमध्ये कितीही मोठी दिसू दे, तिला मी हात लावत नाही.

सारखं दिसतं म्हणून एकच असतं का?

इथे खरा विचार लागतो आणि नवीन लोक इथेच घसरतात. कॉप्या एकत्र करायच्या आधी एकच प्रश्न विचारा: उद्या एका ठिकाणचा नियम बदलला तर दुसऱ्या ठिकाणीही तो बदलायलाच हवा का? हो असेल तरच ती खरी डुप्लिकेट.

समजा युजरनेम किमान ८ अक्षरांचं आणि पासवर्डही किमान ८ अक्षरांचा, दोन्हीकडे तपासणीचा कोड सेम टू सेम. टूल म्हणणार डुप्लिकेट. पण पासवर्डचा नियम सिक्युरिटीवाले बदलणार, युजरनेमचा प्रॉडक्टवाले. आज एकत्र केलं की सहा महिन्यांनी पासवर्ड १२ करताना युजरनेमही १२ होतो, किंवा मग फंक्शनला एक ट्रू-फॉल्स फ्लॅग जोडला जातो, पुढे अजून एक, आणि शेवटी ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू असा कॉल दिसतो ज्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. असं फंक्शन दोन कॉप्यांपेक्षा जास्त त्रास देतं. नावही ओळख देतं, काढलेल्या फंक्शनला "कॉमन" किंवा "हेल्पर"शिवाय नाव सुचत नसेल तर बहुधा आत एक कल्पना नाहीच, दोन वेगळ्या कल्पना कोंबल्यात.

दोनच ठिकाणी असेल आणि शंका असेल तर तिसरी कॉपी येईपर्यंत थांबा. टेस्टच्या कोडमध्ये तर थोडी पुनरावृत्ती असलेलीच बरी, टेस्ट वरपासून खालपर्यंत वाचून कळली पाहिजे, चार फाईल उघडायला लावू नये.

प्रत्यक्ष एकत्र करणं

उदाहरण घेऊ. ईमेल स्वच्छ करून तपासायचा कोड तीन ठिकाणी आहे: साईनअप, प्रोफाईल बदलणं, आणि ॲडमिनचं बल्क इम्पोर्ट. साईनअप कडेच्या स्पेस काढतं आणि सगळं स्मॉल लेटरमध्ये करतं. प्रोफाईल फक्त स्पेस काढतं. इम्पोर्ट काहीच करत नाही.

पहिलं काम, तिन्ही शेजारी ठेवा आणि प्रत्येक फरकापुढे प्रश्नचिन्ह लावा. हा फरक मुद्दाम आहे, की एका कॉपीतला बग सुधारला आणि बाकीच्या राहिल्या? गिट लॉगला कॅपिटल एस देऊन ती ओळ शोधली की ती कधी आणि कुठल्या मेसेजसह आली ते कळतं. "लॉगिन होत नाही ते दुरुस्त" असा मेसेज साईनअपच्या कमिटवर असेल तर समजा की इम्पोर्टमध्ये तो बग अजून जिवंत आहे.

दुसरं, आत्ताचं वागणं पकडणाऱ्या टेस्ट लिहा, तिन्ही जागांसाठी, चुकीचं वागणं असलं तरी तेच लिहा. रिकामा इनपुट, कडेला स्पेस, कॅपिटल अक्षरं, दोन ॲट चिन्हं.

तिसरं, कॉप्या आधी एकमेकींसारख्या करा, जागच्या जागी. एक फरक मिटवा, त्याची टेस्ट बदला, कमिट. पुढचा फरक, कमिट. इथे वागणं बदलतंय आणि ते उघडपणे बदलतंय, रिव्ह्यू करणाऱ्यालाही दिसतंय. आणि याच टप्प्यावर डेटाचा विचार करा, नाहीतर घात होतो. आधीच्या इम्पोर्टमधून कॅपिटल अक्षरांसकट ईमेल डेटाबेसमध्ये बसलेत, आता लॉगिनला सगळं स्मॉल करून शोधलं तर ती माणसं सापडणारच नाहीत. म्हणजे जुन्या नोंदी आधी बदलायला हव्यात, आणि बदलताना एकाच माणसाची दोन खाती निघाली तर काय करायचं ते ठरवायला हवं, आणि तो निर्णय तुमचा एकट्याचा नाही.

चौथं, आता तिन्ही कॉप्या अक्षरशः सारख्या झाल्या की फंक्शन बाहेर काढा आणि एकेक जागा त्याच्यावर वळवा, प्रत्येक वेळी टेस्ट चालवून. हे काम आता कंटाळवाणं वाटलं पाहिजे. इथे धडधड होत असेल तर तिसरी पायरी नीट झालेली नाही.

फंक्शन ठेवायचं कुठे हा छोटा पण चिवट प्रश्न. यूटिल्स नावाच्या फाईलमध्ये टाकू नका, तिथे टाकलेलं पुढच्या माणसाला सापडत नाही आणि तो चौथी कॉपी लिहितो. ईमेलचं फंक्शन युजर किंवा अकाउंटच्या मॉड्यूलमध्ये, जिथे कुणीही आधी शोधेल तिथे. फ्रंटएंड आणि बॅकएंडमध्ये तपासणी दोनदा लागतेच, बॅकएंडची काढायचीच नाही. जमलं तर दोन्हीकडचे नियम एका स्कीमावरून घ्या, नाही जमलं तर दोन्ही बाजूंना तेच टेस्ट इनपुट वापरा.

परत साठू नये म्हणून

प्री-कमिट हुकमध्ये (कमिट होण्याआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) फॉरमॅटर आणि झटपट होणारे लिंट नियम, बाकी सगळं सीआयमध्ये, म्हणजे कोड पुश झाल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत. हुक दहा सेकंदांच्या वर गेला की लोक नो-व्हेरिफाय लावून हुक टाळायला शिकतात, म्हणून डुप्लिकेटचा स्कॅन तिथे नकोच. सीआयमध्ये ईएसलिंटला मॅक्स-वॉर्निंग्ज शून्य द्या, नाहीतर वॉर्निंग येत राहतात आणि बिल्ड हिरवाच राहतो.

डुप्लिकेटची मर्यादा फक्त नवीन कोडवर लावा. सोनारक्यूबच्या ठरलेल्या गेटमध्ये (कोड पास की नापास ठरवणाऱ्या अटी) नवीन कोडसाठी ती ३ टक्के आहे. जुन्या सगळ्या कोडवर मर्यादा लावली तर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे बिल्ड लाल होतात आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी तो चेकच काढून टाकतो. एखादी कॉपी विचार करून तशीच ठेवली असेल, युजरनेम-पासवर्डसारखी, तर दोन्ही ठिकाणी एका ओळीची कमेंट टाका की हे मुद्दाम वेगळं ठेवलंय आणि का, आणि सीपीडी वापरत असाल तर सीपीडी-ऑफ आणि सीपीडी-ऑनच्या कमेंटमध्ये तो भाग बंद करा, म्हणजे पुढचा उत्साही माणूस रिपोर्ट बघून ते परत एकत्र करायला बसणार नाही.